पासआऊट

आमच्या गल्लीतल्या सुतारांची धाकटी मुलगी पावसाळ्याच्या तोंडाशी बायोडाटा दाखवायला आली होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात आलेला, आता चाकणच्या कंपन्यांत अर्ज टाकायचे होते. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेली प्रिंट, वरून प्लॅस्टिकचं फोल्डर, तरी एक कोपरा भिजलेलाच. शिक्षणाच्या रकान्यात एका ओळीवर व्हाइटनरचा जाड पापुद्रा होता, त्यावर बॉलपेननं लिहिलेला एक शब्द होता आणि तोही आडव्या रेघेनं खोडलेला. काय झालं म्हणून विचारलं. "काकू, आधी तिथं 'पास्ड आऊट इन 2024' होतं," ती म्हणाली. "पण एका व्हिडिओत सांगितलं की असं कधीच लिहायचं नाही, त्याचा अर्थ बेशुद्ध पडले असा होतो, इंटरव्ह्यूवाले हसतात. 'ग्रॅज्युएटेड' लिहा म्हणाले. मग ते लिहिलं. पण मी ग्रॅज्युएट कुठंय? माझा डिप्लोमा आहे. खोटं लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून तेही खोडलं."

मी तिथं 'कम्प्लीटेड' लिहून दिलं, खाली दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या केल्या आणि ती चहा न घेताच गेली, कारण दुकान बंद व्हायच्या आत तिला नवी प्रिंट काढायची होती. काम पाच मिनिटांचं. पण तो पांढरा पापुद्रा डोळ्यांपुढून हलेना. दहावीनंतर तीन वर्षं रोज एसटीनं जाऊन-येऊन, वर्कशॉपमध्ये मुलांच्या बरोबरीनं फाइल घासून, लेथवर हात काळे करून या मुलीनं एक गोष्ट पुरी केली होती. ती एका ओळीत सांगायला गेली, तर एक क्रियापद हसू करणारं निघालं आणि दुसरं तिच्या मापाचं नव्हतं.

हे मला सलत राहिलं, आणि अजूनही सलतं.

मी कराडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. फ्रेजल व्हर्ब्ज हा मुलांच्या पोटात गोळा आणणारा भाग. पुट ऑन, पुट ऑफ, पुट अप, पुट अप विथ अशा रांगा गाइडमध्ये छापलेल्या असतात आणि मुलं त्या पाढ्यांसारख्या पाठ करतात. पाढ्यांना निदान हिशेब असतो. इथं 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे दूर हे कळूनही 'पुढे ढकलणे' हाती लागत नाही. ही तक्रार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे एक छोटा शब्द लावून त्याचा अर्थ फिरवण्याची ही रीत परक्यांना सगळ्यांत जड जाते. या जातीच्या क्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मिळायला मात्र आणखी एकशे सत्तर वर्षं जावी लागली. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली ते छापात आणलं. म्हणजे इंग्रज माणूस शेकडो वर्षं ही क्रियापदं वापरत होता आणि त्यांना नाव द्यावं असं त्याला वाटलंही नव्हतं. आपण रोज ज्या उंबऱ्यावरून ये-जा करतो, त्याची उंची कुठं मोजतो?

आता हे 'पास आऊट'च घ्या. शुद्ध हरपणे हा त्याचा आज सगळीकडे चालणारा अर्थ. अमेरिकेतल्या वर्गात बाई 'पास आऊट द पेपर्स' म्हणतात तेव्हा कुणी चक्कर येऊन पडत नाही, पेपर वाटले जातात. ब्रिज खेळणाऱ्यांना आणखी एक अर्थ माहीत असतो. चौघांनीही बोली न लावता 'पास' म्हटलं की तो डाव 'पास्ड आऊट', पानं गोळा करायची आणि पुन्हा पिसायची. माझे मामा सुट्टीत दुपारभर खेळायचे आणि असा डाव आला की "गेला फुकट!" म्हणून पानं सतरंजीवर टाकायचे. आणि चौथा अर्थ, तोही इंग्लंडच्या कोशांत सरळ छापलेला: लष्करी प्रशिक्षण पुरं करून संस्थेतून बाहेर पडणे. व्हिडिओतल्या त्या सल्लागाराला हा चौथा अर्थ सांगावासा वाटला नाही. नेमका आमच्या जिल्ह्यात तोच आधी पोचलेला आहे.

मुलांची भीती जावी म्हणून मी कधीकधी संस्कृतकडून वळसा घेते. ज्यांनी दहावीला संस्कृत घेतलेलं असतं त्यांच्या कानावर एक श्लोक असतोच: 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्'. धातू एकच, 'हृ'. पुढं 'प्र' लावला की मार, 'आ' लावला की जेवण, 'सम्' लावला की विनाश, 'वि' लावला की फिरणं. त्या श्लोकातला 'बलात्' हा शब्द मला फार आवडतो. उपसर्ग धातूच्या अर्थाला विचारून नेत नाही, ओढून नेतो. इंग्रजीतला 'आऊट', 'अप', 'ऑफ' हेच करतात, फक्त क्रियापदाच्या मागे उभे राहून. आणि पुढं-मागं ही गोष्टही वाटते तितकी पक्की नाही. उपसर्ग धातूच्या आधी येतात हे पाणिनीनं 'ते प्राग्धातोः' या सूत्रात सांगितलं खरं, पण लगेच पुढच्या दोन सूत्रांत तो म्हणतो की वेदात ते मागूनही येतात आणि मध्ये दुसरे शब्द ठेवून लांबही राहतात. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात 'उप त्वाग्ने दिवेदिवे' असा 'उप' सुरुवातीला उभा राहतो आणि त्याचं क्रियापद 'एमसि' पार मंत्राच्या शेवटी भेटतं. 'तुझ्याजवळ येतो' यातलं 'जवळ' आधी सांगून टाकलं आणि 'येतो' मागून आलं. 'पुट द मीटिंग ऑफ' म्हणताना जीभ अडखळणाऱ्या मुलाला हे दाखवलं की त्याच्या कपाळावरची आठी थोडी सैल होते. परकी वाटणारी चाल आपल्याच घरात कधीकाळी होती, एवढंच त्याला कळतं, आणि तेवढं पुरतं.

पण त्या मुलीच्या ओळीत हे सगळं कुठं बसतं? तिनं 'पास्ड आऊट' कुठून उचललं?

माझं उत्तर असं आहे की तिनं ते चुकीच्या इंग्रजीतून उचललेलं नाही, आजूबाजूच्या घरांतून उचललं. सातारा जिल्ह्यात सैन्य हा बातमीतला विषय नसतो, तो भाऊबंदकीतला विषय असतो. अपशिंग्याला तर गावाच्या नावामागेच 'मिलिटरी' लागलंय. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात 1961 साली सुरू झाली. घरातला पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत लागला की काही महिन्यांनी "कसम परेड आहे, बेळगावला चाललोय" असं सांगत आई-बाप डबे भरून निघतात, आणि परत आले की "आमचा पासआऊट झाला" म्हणत पेढे वाटतात. त्या वाक्यात इंग्रजीचा दिमाख नसतो. 'कसम' जितकी आपली झाली तितकाच 'पासआऊट' आपला झाला. सैन्यानं या देशाच्या बोलण्यात असे कितीतरी शब्द सोडलेत. 'साहेब आऊट ऑफ स्टेशन आहेत' म्हणताना कुणाच्या मनात रेल्वे स्टेशन नसतं. ते 'स्टेशन' म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण, छावणीच्या काळापासून चालत आलेलं. पासआऊट तसाच बराकीतून निघाला, पोलीस प्रशिक्षणात गेला, तिथून आयटीआय, पॉलिटेक्निक, इंजिनीअरिंगच्या वसतिगृहात राहिला आणि आता नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत बसलाय. मराठी वर्तमानपत्रं त्या परेडला 'दीक्षान्त संचलन' म्हणतात. नाशिकच्या पोलीस अकादमीत नवे फौजदार त्याच संचलनात शपथ घेतात. घरी आल्यावर मात्र ते पासआऊटच झालेले असतात.

मूळ शब्दातलं 'आऊट' हे अगदी शब्दशः आऊट आहे. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत परेड संपली की नवे अधिकारी मैदान सोडून 'ओल्ड कॉलेज' या इमारतीच्या पायऱ्या चढून दारातून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग ॲडज्युटंट, म्हणजे परेडची शिस्त सांभाळणारा अधिकारी, घोड्यावर बसून त्या पायऱ्या चढतो. उंबरा ओलांडून नाहीसं होणं हाच तिथला समारंभ. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मी असंच बाहेर पडणं जवळून पाहिलं, माझ्या मावसभावाचा मुलगा पासआऊट होत होता तेव्हा. नोव्हेंबरची सकाळ होती. जलाशयाकडून धुकं आत येत होतं, त्यातून सिंहगड अर्धाच दिसत होता. पाहुण्यांच्या बाकांवर दव होतं आणि बायका पदरानं ते पुसून बसत होत्या. मैदानाला नाव अरुण खेत्रपाल यांचं. याच प्रबोधिनीत शिकलेला हा मुलगा 1971 च्या युद्धात बसंतरच्या लढाईत रणगाड्यात लढता लढता गेला, वय एकवीस, पुढं परमवीर चक्र. ज्या मैदानावरून दर सहा महिन्यांनी पोरं बाहेर पडतात त्याला त्याचं नाव आहे, हे तिथं बसल्यावर अंगावर येतं. बूट एकदम जमिनीवर पडले की आवाज आधी छातीत लागायचा, मग कानात. शेवटी बँडची चाल मंदावली आणि पासआऊट होणारी तुकडी संथ पावलांनी मैदानालगतच्या क्वार्टर डेक नावाच्या जागेसमोरून निघाली. वरून चेतक हेलिकॉप्टर गेली तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांनी पाहिलं नाही. त्या रांगांत आपला मुलगा शोधत होत्या. सगळे सारखेच दिसतात, त्यामुळं सापडत नव्हता.

परेड संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "झालं का आता याचं?" मी सांगितलं, मावशी, अजून नाही. इथली तीन वर्षं झाली. आता सैन्यातला असेल तर डेहराडूनला, नौदलातला असेल तर केरळात एळिमलाला, हवाई दलातला असेल तर हैदराबादजवळ दुंडिगलला. तिथून पुन्हा पासआऊट, मग अधिकारी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, पिशवीतला डबा चाचपला. "म्हंजे अजून बाहेरच म्हणायचा की," त्या म्हणाल्या.

त्या 'बाहेर'नं मला पुष्कळ दिवस सोडलं नाही. समारंभाचा सगळा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि तरी त्यांना ऐकू आला तो फक्त 'आऊट'. पोरगा दहावीनंतर घराबाहेर गेला तो गेलाच, आता एका दारातून निघून दुसऱ्या दारात. आपल्याकडं शिक्षण संपल्यावरच्या जुन्या विधीचं नाव मात्र उलट्या दिशेचं आहे: समावर्तन. शिष्य गुरुगृहातून परत फिरतो, घरी येतो. तैत्तिरीय उपनिषदातला 'सत्यं वद, धर्मं चर' हा उपदेश गुरू शिष्याला करतात तो निरोपाचा, घरी परतणाऱ्याला केलेला. विद्यापीठं आजही पदवीदानात तो म्हणतात, पण समोर बसलेल्यांतला जवळजवळ कुणीच परत फिरणार नसतो. आमच्या भागातल्या मुलींच्या वाट्याला तर हे दोन्ही शब्द एकाच वेळी येतात. कॉलेज म्हणतं तू पासआऊट झालीस. घर म्हणतं, झालं ना शिक्षण, आता घरी ये. कुणी वाईट हेतूनं म्हणत नाही. आईला खरंच वाटतं की मुलगी डोळ्यांसमोर असावी, आणि बापाच्या खिशातला हिशेबही खरा असतो. पण मेकॅनिकल करून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना कॉलेजचं वर्ष विचारलं तर झटकन सांगतात, नंतरचं काही विचारलं तर पदराशी चाळा करतात.

म्हणून 2025 च्या मे महिन्यात एनडीएच्या 148 व्या तुकडीबरोबर 17 मुली त्याच मैदानावरून पासआऊट झाल्या, तेव्हा मी बातमी वाचून थांबले नाही, सकाळच्या तासाला वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये परीक्षेचं दार उघडलं, 2022 मध्ये मुली आत गेल्या, आणि तीन वर्षांनी बाहेर पडल्या. त्या दिवशी 'पास आऊट'चा अर्थ फळ्यावर लिहावा लागला नाही.

आता बेशुद्धीकडं येते, कारण हाही अर्थ मला हलका करायचा नाही. मी पाचवीत होते. पंधरा ऑगस्टला ढग असूनही उकाडा होता, प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला आणि पीटीच्या सरांनी आम्हाला सावधानमध्येच ठेवलं होतं. पुढच्या रांगेतली मुलगी आधी नुसती डुलली. तिच्या मानेवर घाम आला, कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या आणि ती गुडघ्यातून दुमडून मातीवर गेली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तिला बगलेत धरून उभं करायला लागलं. पुढं कळलं की उभं करणं हेच नको होतं. माणूस हालचाल न करता ताठ उभा राहिला की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबवतात, ते पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं. शरीर मग स्वतःच स्वतःला आडवं करतं. आडवं झालं की रक्त परत जातं आणि शुद्ध येते. पाय थोडे उचलून धरायचे, कपडे सैल करायचे, गर्दी हटवायची, बस. लंडनला 2023 च्या जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम चालू होती. तापमान 30 अंशांच्या घरात, अंगात लोकरी डगला, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी. प्रिन्स विल्यमसमोर एकामागून एक सैनिक कोसळले. बँडमधला एक ट्रॉम्बोनवाला पडला, उठला आणि मदतनीस पोचेपर्यंत पुन्हा वाजवू लागला. ज्या प्रकारच्या मैदानावर माणसं पासआऊट होतात, त्याच मैदानावर ती पास आऊटही होतात. या दोन अर्थांत अंतर आहे ते फार तर एका गुडघ्याचं.

आपल्या भाषेनं या अनुभवाला किती नावं दिली आहेत. चक्कर येते, घेरी येते, भोवळ येते, डोळ्यांपुढं अंधारी येते. शुद्ध हरपते. आणि शेवटी माणूस बेशुद्ध पडतो. इथं मी थबकते. कारण कॉलेज संपवलेला माणूस मराठीत काय करतो? बाहेर पडतो. 'अमुक साली मी फर्ग्युसनमधून बाहेर पडलो' असं आपण सहज लिहितो. इंग्रजीतल्या एका क्रियापदाचे दोन अर्थ हसण्याचा विषय झाले, आणि मराठीत त्या दोन्ही अर्थांखाली एकच क्रियापद उभं आहे: पडणे. त्यावर कुणी हसत नाही. 'मी कॉलेजातून बाहेर पडले' म्हणणाऱ्या मुलीला 'लागलं का गं?' असं कुणी विचारत नाही. पावसाचं पडणं, थंडी पडणं, प्रश्न पडणं, विसर पडणं, उपयोगी पडणं, अंगवळणी पडणं, मोहात पडणं, पथ्यावर पडणं, महागात पडणं, नाव पडणं. मराठी शिकायला आलेल्या कुणा परदेशी माणसाच्या वहीत ही यादी लिहून पाहा, त्याच्याही पोटात गोळाच येईल. जॉन्सन यांनी परक्यांबद्दल जे लिहिलं ते प्रत्येक भाषेच्या दारात खरं आहे. आपण आपल्या दाराच्या आत असतो, एवढाच फरक.

त्या सल्लागारावरचा माझा राग इथून येतो. सल्ला अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेतल्या कंपनीला अर्ज करताना 'पास्ड आऊट' टाळावं हे मीही सांगेन. पण त्याच्या जागी 'ग्रॅज्युएटेड' ठेवताना त्यानं ज्या मुलांकडं पाहिलंच नाही, ती माझ्या वर्गात बसतात. अमेरिकेत शाळा संपवणारा मुलगाही ग्रॅज्युएट होतो. आपल्याकडं ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधर, आणि पदवीधर ही इथं मोठी रेघ आहे. बँकेच्या परीक्षेला ती लागते, राज्यसेवेला लागते, लग्नाच्या बायोडाट्यात लागते. आपल्या विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. घराघरात त्या निवडणुकीची माणसं येतात तेव्हा "पदवीधर कोण आहे?" असं विचारतात आणि डिप्लोमावाली मुलगी आतल्या खोलीतच राहते. सुतारांच्या मुलीला ही रेघ पक्की ठाऊक होती. म्हणून तिनं शब्द खोडला. तो व्हिडिओ पाहणाऱ्या हजारोंनी बिनदिक्कत 'ग्रॅज्युएटेड' लिहिलं असेल. हिचा हात थांबला. पासआऊटची खरी थोरवी मला तिच्यामुळं दिसली. हा शब्द कुणाला पदवी विचारत नाही. आयटीआयचा फिटर पासआऊट होतो, एएनएमची मुलगी होते, डीएडवाला होतो, एनडीएचा कॅडेट होतो, आयआयटीचा इंजिनीअरही होतो. या सगळ्यांना एका रांगेत उभं करणारं दुसरं क्रियापद मला तरी सुचत नाही.

आणि नुसत्या 'पास'नं ते काम होत नाही. पास माणूस दरवर्षी होतो. विषयात होतो, सेमिस्टरला होतो. एटीकेटी लागलेला मुलगा पुढच्या वर्षात जातो, पण तो मागच्या विषयानं धरलेला असतो. त्याचं 'ऑल क्लिअर' होऊन, गुणपत्रिका हातात येऊन, वसतिगृहाची अनामत परत घेऊन तो फाटकातून निघाला की मग पासआऊट. सगळी सुटका त्या 'आऊट'मध्ये आहे. या सुटकेचं ओझंही असतं, कारण पासआऊटला वर्ष चिकटतं आणि ते जन्मभर सोडत नाही. जाहिरातीत '2023 आणि 2024 पासआऊट' असं लिहिलेलं असलं की 2021 वाल्यानं पुढं वाचायचंच नाही. माझे जे विद्यार्थी 2020 आणि 2021 साली बाहेर पडले, त्यांना 'करोना बॅच' म्हणून तोंडावर ऐकावं लागलं. परीक्षा ऑनलाइन झाली हा त्यांचा गुन्हा नव्हता. त्यातला एक मुलगा आज उंब्रजजवळ स्वतःचं वेल्डिंगचं दुकान चालवतो, चांगलं चालवतो, तरी वर्ष सांगताना आधी एक श्वास घेतो.

यंदा मी फ्रेजल व्हर्ब्ज गाइडातून शिकवल्या नाहीत. बारावीच्या वर्गाला सांगितलं, घरी, शेतात, एसटीत 'पडणे' कुठं कुठं ऐकू येतं ते लिहून आणा, मग आपण प्रत्येकाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधू. माझ्या यादीत नव्हतं असं पुष्कळ आलं. एकीनं आणलं 'तोंडघशी पडणे', एकानं 'पाया पडणे', गवंड्याच्या मुलानं 'स्लॅब पडला', आणि त्यावर वर्गात वाद झाला, कारण अर्ध्यांना तो कोसळला असं वाटलं आणि तो तर म्हणत होता की काल आमच्या साइटवर स्लॅब टाकून झाला. कोरेगावकडच्या एका मुलानं उभं राहून सांगितलं, "मॅडम, आल्याचा भाव पडला." त्याच्या घरी आल्याची लागण आहे, आणि ते वाक्य त्यानं यादीतून वाचलं नव्हतं. आम्ही त्याला 'द प्राइस केम डाऊन' दिलं. लगेच मागून कुणीतरी विचारलं, मग 'केम डाऊन विथ फीव्हर' यातलं डाऊन कुठलं? म्हटलं, मराठीत आजारी काय होतो आपण? सगळे एकदम म्हणाले, "पडतो!" 'ब्रेक डाऊन', 'लेट डाऊन', 'टर्न डाऊन' फळ्यावर लिहून झाले होते, 'सेटल डाऊन' निम्मं लिहिलं आणि घंटा झाली. उरलेले सोमवारच्या तासाला.